तोफेच्या आधीचा आवाज

नाबुल, १९ ऑगस्ट २०२५

नेजीबावहिनींना शेडलीचा सलाम.

तुम्ही आणि इनास बऱ्या असाल. गाबेसचा उन्हाळा इथल्यापेक्षा कडक, तेव्हा पोरीला दुपारची बाहेर सोडू नका, असं लिहिणार होतो. मग लक्षात आलं की इनास आता चौदा वर्षांची झाली आणि तिला सोडणारा न सोडणारा मी कोण. आम्ही दोघं नवरा-बायको ठीक आहोत. मबरूकाचे गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. माझं टाइल्स रंगवणं चालू आहे. सध्या एका हॉटेलच्या न्हाणीघरासाठी चारशे मासे रंगवतोय, सगळे एकाच दिशेला तोंड केलेले. तीनशेव्या माशानंतर माणसाला समुद्राचाच राग येतो.

तुम्ही गाव सोडल्यापासून हे माझं पहिलं पत्र. फोन करता आला असता. पण फोनवर तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात की माझं बोलणं तिथेच संपणार, म्हणून कागद घेतला.

बातमी तुमच्यापर्यंत पोचली असेलच. विसाम सुटला. चार वर्षांपैकी तीन भोगून जूनमध्ये बाहेर आला आणि गेल्या आठवड्यात आपल्या फुटबॉल क्लबनं त्याला परत घेतलं. तोच नारिंगी सदरा, तोच नऊ नंबर. आपल्या लामीनला, इनासच्या बापाला, गाडीनं उडवून, त्याला रस्त्यावर तसाच टाकून पळालेला माणूस पुन्हा आपल्या मैदानावर धावणार. हे मी सरळ लिहून टाकतो, कारण इथे सरळ कुणी बोलत नाही. इथे सगळे 'ती गोष्ट' म्हणतात. ती गोष्ट झाली तेव्हा. ती गोष्ट सोडली तर पोरगा सोन्यासारखा.

माझं नाक नको तिथे जातं हे तुम्हाला ठाऊक आहे. लामीन म्हणायचा, शेडली मयताला गेला तरी मेलेल्याला विचारेल, कसं वाटतंय. तर ते नाक सध्या गावभर फिरतंय. राग म्हणून नाही. मला खरोखर जाणून घ्यायचंय. ज्या लोकांनी लामीनला खांदा दिला, तेच लोक आता विसामचं जुनं गाणं पुन्हा पाठ करतायत. दोन्ही वेळी तोंडं तीच. आत काय चालतं?

परवा दाढी करायला रिधाकडे गेलो. आमच्या भिंतीला भिंत लागून त्याचं घर, आणि कट्ट्यावरही तो माझ्या शेजारी बसतो. मैदानाच्या उत्तरेकडच्या त्या पायऱ्यांना आपण कट्टा म्हणायचो, अजूनही तेच म्हणतात. रिधा वस्तरा परजत म्हणाला, "हे बघ शेडली, शिक्षा माणसाला झाली. पायांना थोडीच झालीय? मी पाय बघायला जातो."

"ब्रेकसुद्धा पायानंच दाबतात, रिधा."

"तू हलू नकोस. कापेल."

मी हललो नाही. मान त्याच्या हातात होती.

आपल्या गल्लीतल्या सामियाबाई, शाळेत गणित शिकवतात त्या, कट्ट्यावर बायकांच्या बाजूला बसतात. त्या म्हणाल्या, "मी जाणार. क्लब माझ्या बापाचा आहे, त्या मुलाचा नाही. तो गोल करील तेव्हा मी गोलसाठी टाळी वाजवीन, त्याच्यासाठी नाही."

मी विचारलं, "बाई, दोन टाळ्या वेगळ्या कशा ओळखायच्या?"

"मला ओळखू येतात. तुम्हाला ओळखून काय करायचंय?"

कट्ट्याचे म्होरके ताहरकाका त्यांच्या कॉफीच्या दुकानात बसून सगळ्यांचं एका वाक्यात संपवतात. "त्यानं भोगलं. कोर्ट म्हणालं चार, पोरानं दिली तीन, उरलेलं एक अल्लाकडे. आता त्यानं काय टोमॅटो विकायचे?" याला उत्तर नाही. म्हणजे आहे, पण त्यांच्या दुकानात त्यांचीच कॉफी पीत देता येत नाही. आणि खरं सांगू, त्यानं काय करावं असं मला वाटतं? जन्मभर घरात बसावं? टोमॅटो विकताना मी त्याच्याकडून घेतले असते का? बहुतेक घेतले असते, स्वस्त मिळाले तर.

एक गंमत मात्र मी पाहिली. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही. महिन्याच्या सुरुवातीला, तो नुसता सरावाला येत होता तेव्हा, मोनास्तीरकडचा एक संघ मैत्रीचा सामना खेळायला आला. त्यांच्या लोकांनी विसाम दिसला की तोंडानं मोटारीचा हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पीं पीं पीं, दोनेकशे माणसं. तोवर आपला कट्टा अर्धा गप्प होता. किती तरी लोक हाताची घडी घालून बसले होते, मी मोजत होतो. हॉर्न सुरू झाले आणि घड्या सुटल्या. पाच मिनिटांत सगळा कट्टा विसामचं नाव घेत होता, रागानं लाल होऊन. बाहेरच्यानं आपल्या माणसाचं पाप काढलं की ते पाप आपलं होतं. मी घरी येईपर्यंत विचार करत होतो की ते पीं पीं करणारे लामीनच्या बाजूनं बोलत होते का. नव्हते. त्यांना लामीन कोण हे माहीत नव्हतं.

आता एक कामाची गोष्ट. सप्टेंबरच्या शेवटी पहिला घरचा सामना. कट्ट्यानं ठरवलंय की त्या दिवशी विसामचा चेहरा उचलायचा. प्रत्येक जागेवर एक रंगीत कागद, शिट्टी झाली की तीन हजार लोकांनी कागद डोक्यावर धरायचा आणि समोरच्यांना चित्र दिसायचं. हे काम आम्ही दोघं करायचो. मी चौकटीच्या कागदावर चित्र बसवायचो, कुठल्या रांगेत कुठला रंग ते लिहायचो, आणि लामीन कागद मोजून, कापून जागेवर ठेवायचा. सकाळी चारपासून. आणि दर वेळी म्हणायचा, "एवढं करून आपल्याला काय दिसतं? आपल्या कागदाची पाठ." ते खरंच आहे. कट्ट्यावर बसलेल्याला आपलं चित्र कधीच दिसत नाही.

ताहरकाका म्हणाले, "तूच काढ. तू काढलंस तर कुणाला काही बोलायला जागा राहणार नाही." मी अजून काही ठरवलेलं नाही.

मी लोकांना आणखी एक प्रश्न विचारतोय. तो विचारला की लोक विषय बदलतात. रिधानं तर दाढी अर्धी ठेवून पाणी आणायला जायचं नाटक केलं. तो प्रश्न इथे लिहीत नाही.

मबरूकाचा सलाम. इनासला आशीर्वाद, तिला चालत असतील तर.

तुमचा,
शेडली

*

नाबुल, ११ सप्टेंबर

वहिनी,

तुमचं कार्ड मिळालं. तीन वाक्यं. 'भावजी, सगळ्यांचं लिहिलंत. तुमचं लिहिलं नाहीत. चित्र काढलंत का?'

तुम्ही भावजी लिहिलंत ते मी बराच वेळ बघत बसलो. मबरूका म्हणाली, कार्ड झिजेल.

काढलं. डोळ्यांपर्यंत. मागचं पत्र लिहिलं तेव्हा कपाळ आणि जबडा चौकटीत बसवून झाला होता आणि मी तुम्हाला 'ठरवलं नाही' असं खोटं लिहिलं. डोळ्यांसाठी काळे कागद किती लागतील ते काढायचं होतं. तो हिशेब लामीनचा, मला तो जमत नाही. मी सवयीनं मान न वळवता विचारलं, "काळे किती?" दुकानात कुणी नव्हतं. चारशे मासे होते. मग चित्र बाजूला सारलं आणि तुम्हाला लिहायला बसलो.

आता तो दिवस. तुम्हाला कोर्टात सांगितला तसा नाही, झाला तसा.

तुम्ही इनासला घेऊन कोर्बाला आईकडे गेला होतात, म्हणून मी लामीनला रोजा सोडायला आमच्याकडे बोलावलं होतं. दक्षिणेचा वारा सुटला होता, आभाळ मातकट झालं होतं, पण उजेड होता. सव्वासहाला गल्लीची वीज गेली. टीव्ही गेला, मशिदीचा भोंगा गेला. सूर्य धुळीत, कधी मावळला ते कळायची सोय नाही. भरवसा एकच, रोजा सोडायची वेळ सांगणारी टेकडीवरची तोफ. शोरबा वाढून झाला होता. अंडं भरून ब्रीक तळून झाले होते, तिसरा लामीनचा, त्याला अंडं घट्ट लागायचं म्हणून मबरूकानं जास्त तळलेला. खजूर हातात धरून आम्ही बसलो होतो आणि मी म्हणत होतो, हा लामीन एक दिवस वेळेवर आला तर तोफच फुटेल.

तेवढ्यात धडाड झालं.

आवाज पत्र्याचा होता. तोफ पत्र्यासारखी वाजत नाही हे मला कळायला हवं होतं. पण दिवसभराच्या उपाशी माणसाला जो आवाज हवा असतो तोच ऐकू येतो. मी खजूर तोंडात टाकला. भिंतीपलीकडे रिधाच्या घरी चमचे वाजू लागले. समोर सामियाबाईंकडे, पलीकडे ताहरकाकांकडे, सगळीकडे. अकरा घरांनी एकदम रोजा सोडला.

सात मिनिटांनी खरी तोफ झाली.

गल्लीभर हसू. रिधा भिंतीवरून ओरडला, "शेडली, आज तोफेला उचकी लागली का रे?" मी ओरडून म्हणालो, "तिनं पण ब्रीक खाल्ला असेल." मबरूका हसली नाही. ती म्हणाली, "मग पहिलं काय होतं? जा, बघून ये."

मी म्हणालो, "शोरबा निवेल."

वहिनी, हे मी तुम्हाला सोडून कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुम्हालाही आज सांगतोय. कोपऱ्यावरच्या भट्टीच्या गोदामाला पत्र्याचा दरवाजा आहे. माझ्या उंबऱ्यापासून चाळीस पावलं. मी नंतर मोजली.

आठच्या सुमाराला मी ब्रीक ताटलीत झाकून तुमच्या घराकडे निघालो, त्याला चिडवायला. टोमणासुद्धा तयार होता. कोपऱ्यावर त्या दाराशी तो पडलेला सापडला, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. डॉक्टर काय म्हणाले तेही ठाऊक आहे, तासभर आधी आणलं असतं तर.

दुसऱ्या दिवशी विसाम पोलिसांत गेला आणि त्याच्या वकिलानं सांगितलं की पोरगा मैदानावरच तोफ ऐकून, खजूर खाऊन, सव्वासात झाल्यावर निघाला. अंधार पडला होता, वीज नव्हती, आणि समोरून येणाऱ्या दुचाकीला दिवा नव्हता. लामीनच्या गाडीचा दिवा महिनाभर फुटलेलाच होता, आपणच त्याला हसायचो. दिवा नव्हता हे खरं. पण उजेडात दिवा कशाला लागतो?

चौथ्या दिवशी ताहरकाका आमच्याकडे आले. बसले नाहीत. म्हणाले, "गल्लीला विचारतील. तोफेआधी काही ऐकलं का म्हणून. आपण एकच आवाज ऐकला, शेडली. सगळ्यांनी एकच. तीन सामने राहिलेत, तीन जिंकले की क्लब वरच्या गटात. पोरगा आत गेला तर गेलं सगळं. लामीनला तरी काय हवं असतं?" हे शेवटचं त्यांनी इतक्या मायेनं विचारलं की मला क्षणभर पटलं. लामीनला क्लब वर जायला हवाच होता.

पण वहिनी, मी क्लबसाठी खोटं बोललो असंही म्हणू नका. ती सोयीची सबब झाली. दोन आवाज ऐकले म्हणालो असतो तर न्यायाधीशांनी पुढचा प्रश्न विचारला असता, मग तुम्ही बाहेर का आला नाहीत? त्या प्रश्नाची मला भीती होती. म्हणून शपथेवर सांगितलं, एकच आवाज, तोफेचा. माझ्यामागे आणखी चौघांनी तेच सांगितलं. निकालात लिहिलं गेलं की अंधारात, दिव्यावाचून, मयताचीही चूक होती. इनास शाळेत गेली की तिला कुणीतरी ते ऐकवायचं आणि म्हणून तुम्ही गाव सोडलंत, हे मला मबरूकाकडून कळलं. मी विचारायची हिंमत केली नव्हती.

निकालाआधी विसाम जामिनावर खेळला, हे तुम्हाला आठवत असेल. शेवटच्या सामन्यात त्यानं दोन गोल केले, आणि आपण वर गेलो. मी कट्ट्यावर होतो. मी उभा राहून ओरडलो, माझा घसा बसला. दोन दिवसांनी लामीन गेल्याचा चाळिसावा दिवस होता. मी तुमच्याकडे आलो तर तोंडातून शब्द फुटेना. तुम्हाला वाटलं, मी रडून रडून आवाज घालवला. तुम्ही उठून मला गुळण्या करायला मिठाचं कोमट पाणी आणून दिलंत.

मी गुळण्या केल्या.

इथे मी थोडा वेळ उठून गेलो होतो. आता पुढे लिहितो.

तो न लिहिलेला प्रश्न. सूर्य मावळायच्या आधी चुकून खाल्लं तर तो रोजा गेला, त्याच्याऐवजी ईदनंतर एक दिवस जादा धरायचा, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या वर्षी ईदनंतर मी एक दिवस धरला. मबरूकानं धरला, तेव्हापासून ती माझ्याशी क्लबबद्दल बोलत नाही. तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं, पण विसाम सुटला आणि लोक पुन्हा अंधार अंधार म्हणू लागले तेव्हा आलं. एकच आवाज झाला असेल तर आपण वेळेवर जेवलो. मग जादा रोजा कशाचा? म्हणून मी एकेकाला सहज विचारत सुटलो, "त्या साली ईदनंतर एक दिवस धरला होतास ना?"

रिधा पाणी आणायला गेला ते याच प्रश्नाला. पण त्याची बायको आतून म्हणाली, "धरला ना, आम्ही दोघांनी. तेव्हा किती उकडत होतं." सामियाबाईंनी हो म्हटलं आणि हातातली वही मिटली, गणित त्यांना माझ्याआधी सुटलं असावं. अकरा घरांपैकी नऊ घरांनी तो रोजा धरलाय, वहिनी. आणि कोर्टात एकच आवाज सांगणाऱ्या आम्ही पाचही जणांनी.

ताहरकाकांनीसुद्धा. त्यांना मी दुकानात, कॉफीचा पहिला घोट घेतल्यावर विचारलं. ते कप पुसू लागले.

"धरला," ते म्हणाले. "मग?"

"म्हणजे अल्लाला दोन आवाज सांगितले आणि कोर्टाला एक."

"अल्लाला वरच्या गटात जायचं नसतं, शेडली."

ते हसले नाहीत आणि मीही हसलो नाही. नंतर त्यांनी माझा कप उचलून नेला, अर्धा भरलेला.

तुमच्या तीन वाक्यांना एवढं उत्तर झालं. चित्राचा कागद मी भट्टीत घातला. त्यात मोठेपणा काही नाही, डोळे मला जमलेच नसते.

शेडली

*

नाबुल, २८ सप्टेंबर, रविवार, सामन्याची वेळ

वहिनी,

दुकानात एकटा बसून लिहितोय. मैदानाचा आवाज इथवर येतो. चित्र त्यांनी छापखान्यातून करून आणलं, म्हणजे एक मोठं कापड. कागद मोजायला आता कुणाला वेळ नाही.

मंगळवारी विसाम इथे आला होता. एकटा, पायी. गाडी चालवत नाही म्हणाला. मी माशांवर ब्रश फिरवत राहिलो, तो दारातच उभा.

"काका, तुम्ही माझं चित्र काढणार नाही म्हणालात."

"नाही म्हणालो नाही. जाळलं."

"बरं केलंत," तो म्हणाला. मग स्टूल ओढून बसला, मी बस म्हटलं नव्हतं. अंगानं भरलाय, कानाशी केस पिकलेत, सत्ताविसाव्या वर्षी. मला त्याचा राग यावा म्हणून मी वाट पाहत होतो आणि त्याऐवजी मला विचारायचं होतं. माझं नाक, दुसरं काय. मी त्याला तोच प्रश्न विचारला. तू धरलास का तो दिवस?

"मी कशाला धरू? मी खाल्लंच नव्हतं. ती खजुराची गोष्ट वकिलाची. मला तहान लागली होती, घरी पोचायची घाई होती, ऐंशीनं येत होतो. खरी तोफ मी गाडीत ऐकली. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी." तो माझ्याकडे न बघता एक टाइल हातात घेऊन बोलत होता. "तो दाराला आदळला तेव्हा एवढा आवाज झाला की मला वाटलं, आता सगळे येतील. मारतील मला, पण येतील. मी खाली मान घालून बसलो. एक पण दार उघडलं नाही. आतून चमच्यांचे आवाज येत होते. मला वाटलं, मी मेलोय आणि हे कुणाला ऐकूच येत नाहीये. मग तोफ झाली, तुम्ही लोक हसलात, आणि मी गाडी सुरू केली."

मी म्हणालो, "तू उतरायला हवं होतंस."

"हो."

एवढंच म्हणाला. सबब सांगितली नाही. उठताना दारात थांबला. "काका, एक विचारू? मी खोटं बोललो ते स्वतःला वाचवायला. तुम्ही पाच जण का बोललात? मला वाटलं होतं, माझ्यावर जीव आहे म्हणून. आत तीन वर्षं मी तेच धरून काढली. आता कट्टा गाणं म्हणतो तेव्हा वाटतं, हे मला गातायत की स्वतःला गप्प करतायत?"

वहिनी, मी दोन महिने गावभर विचारत फिरलो ते उत्तर मला त्याच्या तोंडून मिळालं. मला त्याची कीव आली, हेही लिहून ठेवतो. पण त्यामुळे त्याचं काही कमी होत नाही. लामीन तिथे होता आणि तो गाडीत होता.

मी विचारलं, "हे तू कोर्टात सांगशील? उजेड होता म्हणून?"

तो म्हणाला, "मला पुन्हा आत जायचं नाही." आणि गेला. त्यालाही मी दोष देऊ शकलो नाही, कारण मला तरी कुठे जायचंय.

बुधवारी मी एका वकीलबाईंकडे गेलो. सोबत पाठवतोय तो कागद त्यांनी लिहून दिलाय. त्यात तीन गोष्टी आहेत. आवाज दोन झाले. पहिला तोफेच्या सात मिनिटं आधी, उजेडात. आणि मी ऐकूनही उठलो नाही. तिसरी गोष्ट बाई लिहायला तयार नव्हत्या, कायद्याला तिची गरज नाही म्हणाल्या. मी म्हणालो, मला आहे. खाली माझी सही, मबरूकाची, आणि सामियाबाईंची. रिधाकडे गेलो तर त्यानं दुकानाचं शटर ओढलं, आतून म्हणाला, दाढी दुसरीकडे कर. त्याच्या बायकोनं रात्री भिंतीवरून एक चिठ्ठी टाकली, तिचं नाव आणि 'मी त्या दिवसाचा रोजा भरला' एवढं लिहिलेली. तीही आत आहे.

हा कागद तुमचा. खटला उघडायचा की इनासला वाचून दाखवून पेटीत ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. तिच्या बापाची चूक नव्हती, एवढं तिला कळलं पाहिजे, ते ज्यानं खोटं सांगितलं त्याच्याच हातून. खटला उघडलात तर शपथेवरच्या खोट्यासाठी मला आत जावं लागेल, असं बाई म्हणाल्या. मी तयार आहे. भीती वाटते, पण तयार आहे. आणि थोडी उत्सुकताही आहे. शिक्षा झालेल्या माणसाशी आपले लोक कसे वागतात हे मी उन्हाळाभर शोधत होतो, आता ते घरबसल्या कळेल. सुरुवात झालीय. ताहरकाकांच्या दुकानात विसामसाठी पहिली खुर्ची राखून ठेवतात आणि मी आत गेलो की कॉफीचं यंत्र बिघडतं.

आत्ता मोठा आवाज झाला. गोल असेल, कुणाचा ते कळत नाही. पण त्याच्यामागोमाग गल्लीत काहीतरी पडल्यासारखं वाजलं, म्हणून लिहिणं टाकून जाऊन आलो. सामियाबाईंच्या गच्चीवरची रिकामी घागर वाऱ्यानं खाली आली होती. उचलून त्यांच्या दाराशी ठेवली. हल्ली मी प्रत्येक आवाजाला उठतो. मबरूका म्हणते, जेवण पूर्ण होत नाही तुमचं. पण ती अडवत नाही, शोरब्यावर झाकण ठेवते.

ज्यानं दोन आवाज ऐकले होते, तो
शेडली